आउटबोर्ड मशीन तापतंय? पाणी कुठे अडलं ते आधी शोधा

आउटबोर्डला, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावलेल्या मशीनला, रेडिएटर नसतो, पंखा नसतो, कूलंटची बाटलीही नसते. होडी ज्या पाण्यात तरंगते तेच पाणी खालून ओढायचं, इंजिनाभोवती फिरवायचं आणि परत समुद्रात सोडायचं, एवढीच त्याची सोय. त्यामुळे मशीन तापलं की प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: पाणी कुठे अडलं? तरी कोकण किनाऱ्यावर हर्णैपासून देवबागपर्यंत पहिला उपाय ठरलेला असतो, ‘इंपेलर बदल’, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पंपातलं रबरी चक्र बदल. बरेचदा तो लागूही पडतो. पण लागू पडला नाही की नवा इंपेलर घालूनही मशीन तापतच राहतं, मग कुणीतरी थर्मोस्टॅट (पाणी ठरावीक तापलं की उघडणारी झडप) काढून टाकतं, आणि मूळ खोट जागच्या जागी राहते. म्हणून पाना हातात घेण्याआधी पाण्याची वाट डोळ्यांसमोर आणा.

पाण्याची वाट

प्रोपेलरच्या वर जी आडवी प्लेट असते, तिच्या खाली गिअरकेसच्या बाजूंना जाळीदार फटी दिसतात. पाणी तिथून आत शिरतं. लोअर युनिटच्या, म्हणजे गिअरकेस आणि प्रोपेलर असलेल्या खालच्या भागाच्या, माथ्यावर वॉटर पंप बसवलेला असतो: एक हाउसिंग, त्यात स्टीलचा कप, कपात रबरी पाकळ्यांचा इंपेलर, आणि त्याखाली स्टीलची सपाट प्लेट. ड्राइव्ह शाफ्ट या सगळ्यातून आरपार जातो आणि एका छोट्या चावीच्या आधाराने इंपेलर फिरवतो. कप शाफ्टच्या बरोबर मध्यावर नसतो, मुद्दाम थोडा एका बाजूला सरकवलेला असतो. त्यामुळे पाकळ्या एकीकडे दबतात, दुसरीकडे उघडतात, आणि या उघडझापीत पाणी वर ढकललं जातं. पुढे उभी नळी, मग ब्लॉक (सिलेंडर असलेला मुख्य भाग), हेड (सिलेंडरांवरचं झाकण), थर्मोस्टॅट, आणि शेवटी धुराबरोबर खाली समुद्रात. वाटेत एक बारीक फाटा काढून मागे धार सोडलेली असते, ती केवळ आपल्याला दिसावी म्हणून.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. बऱ्याच मॉडेलांत हा फाटा थर्मोस्टॅटच्या आधीच निघतो. धार जोरात आहे म्हणजे पंप पाणी देतोय, एवढंच कळतं. ते पाणी हेडभोवती नीट फिरतंय याची खात्री धार देत नाही.

आउटबोर्डचा थर्मोस्टॅट साधारण ५० ते ६० अंश सेल्सिअसला उघडू लागतो. चारचाकीचा ८० ते ९०ला उघडतो. हा फरक खाऱ्या पाण्यासाठी आहे, कारण खारं पाणी जास्त तापलं की त्यातले क्षार भिंतीवर बसायला लागतात. म्हणजे एकदा जोरात तापलेलं मशीन पुढच्या वेळी तापण्याची तयारी स्वतःच करून ठेवतं.

भर समुद्रात बझर वाजला तर

बझर म्हणजे मशीन तापल्याचा इशारा. थ्रॉटल लगेच खाली आणा आणि मागे वळून धार बघा. अनेक फोर-स्ट्रोक मशीन तापल्यावर स्वतःच फेरे कमी करून साधारण २००० आरपीएमवर येतात; त्या वेळी थ्रॉटल पिळत बसू नका. लहान टू-स्ट्रोकना बहुधा बझर नसतो. तिथे जळक्या रंगाचा वास, विनाकारण मंदावलेली ताकद आणि धारेऐवजी थुंकल्यासारखी वाफ, ही लक्षणं.

धार चालू असेल तर न्यूट्रलमध्ये दोन-तीन मिनिटं आयडलवर ठेवा, आतली उष्णता बाहेर पडू द्या. धार पूर्ण बंद असेल तर मशीन बंद करा, पाणी नसताना प्रत्येक मिनिट महागात पडतं. पण खाडीच्या मुखावरच्या वाळूपाशी, खडकांजवळ किंवा फुटणाऱ्या लाटांत असाल तर आधी नांगर टाका, मग मशीन बंद करा. सिलेंडरपेक्षा माणसं मोलाची.

आता मशीनचा पाय, म्हणजे पाण्यात बुडालेला खालचा भाग, वर घ्या. प्लास्टिकची पिशवी, तंगुसाचा गुंता, जाळ्याचा तुकडा, जेलीफिश, काहीही फटींना चिकटलेलं असू शकतं. पाय वर घेणं शक्य नसेल आणि धार थोडीतरी येत असेल तर चार-पाच सेकंद रिव्हर्स मारून बघा; चिकटलेली पिशवी बरेचदा निसटते. पर्यटकांच्या मोसमात किनाऱ्याजवळ हाच दोष आधी धरावा.

फोर-स्ट्रोक असेल तर ऑइलची डिपस्टिक तपासा. काही मशीनना ऑइलचा दाब कमी झाल्याचा आणि तापल्याचा बझर एकच असतो, आणि दिवा न बघता आवाजावरून निदान केलं की फसगत होते.

मग २० ते ३० मिनिटं थांबा. तापलेल्या ब्लॉकवर बालदीभर थंड पाणी ओतायचा मोह आवरा, ॲल्युमिनियमला तडा जाऊ शकतो किंवा हेड वाकू शकतं. थंड झाल्यावर दोरी हळूच ओढून बघा. सहज फिरत असेल तर चालू करा, धार आली तर कमी वेगाने किनारा गाठा. दोरी हलतच नसेल तर दोघातिघांनी मिळून हिसके देऊ नका. प्लग काढून प्रत्येक सिलेंडरमध्ये थोडं इंजिन ऑइल सोडा आणि वल्ह्याने किंवा दुसऱ्या होडीच्या दोरीने परत या.

केव्हा तापतं, ते महत्त्वाचं

इंपेलर दोन तऱ्हांनी काम करतो. कमी फेऱ्यांवर पाकळ्या कपाला घासून पाणी ढकलतात. फेरे वाढले की पाकळ्या आत दुमडतात आणि पाणी फेकण्याच्या जोरावर पुढे जातं. यामुळे तापण्याची वेळच दोष कुठे आहे ते सांगते.

आयडलवर तापतं आणि वेगात थंड होतं, तर पाकळ्या झिजल्या आहेत किंवा कपाला खोल चरे पडलेत. मोठ्या मशीनमध्ये पाण्याच्या दाबाची स्प्रिंगवाली झडप असते. तिच्यात वाळूचा कण अडकून ती उघडी राहिली तरी हेच होतं. देवबागसारख्या रेतीच्या भागात ही झडप विसरू नये.

उलट, आयडलवर ठीक आणि वेगात तापतं, तर फटी अर्ध्या बुजल्यात, उभी नळी नीट बसलेली नाही, ब्लॉकमध्ये क्षार साचलेत, किंवा पाण्याबरोबर हवा ओढली जातेय.

थंड मशीन सुरू करून पाचेक मिनिटांतच तापलं तर पाणी अजिबात पोचत नाही किंवा थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलाय. वळताना किंवा लाटेवरून उतरतानाच बझर वाजत असेल तर पाय पाण्याबाहेर येतोय. आणि फक्त ओहोटीच्या खाडीत तापत असेल तर दोष मशीनचा नाही, तळ ढवळून चालवणाऱ्याचा.

अंदाजाऐवजी आकडा हवा असेल तर लेझर थर्मामीटर घ्या. हेडवर, थर्मोस्टॅटच्या झाकणावर आणि ब्लॉकच्या खालच्या भागावर वेगवेगळं मोजा. गरम झालेल्या चांगल्या मशीनचं हेड साधारण ७० अंशांच्या आत राहतं. ९०च्या वर गेलं तर ते खरंच तापलंय. दोन सिलेंडरांत मोठा फरक दिसला तर जिथे जास्त आकडा येतो तिथली वाट बुजलीय. आणि बझर वाजतोय पण हेड ५५ अंशांवर आहे, असं दिसलं तर सेन्सरची वायर तपासा. खाऱ्या हवेने तिचं आवरण फुटून ती ब्लॉकला टेकते आणि उगाच बोंब मारते.

धार नाही, पण हेड थंड

सगळ्यात स्वस्त दोष हाच. धारेचं भोक बुजलेलं असतं: मीठ, रेती, किंवा पावसाळ्यात शेडमध्ये ठेवलेल्या मशीनच्या भोकात कुंभारमाशीने केलेलं मातीचं घर. जाड तंगुसाचा किंवा गवत कापायच्या मशीनच्या नायलॉन दोरीचा तुकडा हळूहळू आत सरकवून फिरवा. स्टीलची तार खुपसू नका, आतली रबरी नळी फाटते. शक्य असेल तर वरचं कव्हर काढा, धारेची नळी ब्लॉककडच्या टोकाला सोडवा आणि तिथून तोंडाने फुंका. घाण आली त्याच बाजूने बाहेर पडायला हवी, आणखी आत जायला नको.

फटी आणि मशीनची उंची

होडी कायम पाण्यात राहत असेल तर जाळीवर बार्नॅकल, म्हणजे कडक कवचाचे चिकटून वाढणारे जीव, बसतातच. बाहेरून खरवडलं की काम झालं असं वाटतं, पण फटीच्या आतल्या पोकळीतही ते वाढलेले असतात. जाळी स्क्रूने बसवलेली असेल तर काढून आतून साफ करा. फटींवर बुडाचा रंग मारू नका. रंगाचा जाड थर भोकं लहान करतो.

उंची मोजायला मिनिट लागतं. होडी जमिनीवर आणि पाय सरळ असताना आडवी प्लेट होडीच्या बुडाच्या रेषेत किंवा तिच्याखाली २५ मिलिमीटरपर्यंत असावी. २० इंची ट्रान्समवर (मशीन अडकवायच्या होडीच्या मागच्या फळीवर) १५ इंची शॉर्ट शाफ्ट मशीन लावलं की ते हवाच ओढणार, इंपेलर कितीही बदला. मशीनच्या नेमकं पुढे बुडाला बाहेर आलेली पट्टी किंवा फायबरची ओबडधोबड दुरुस्ती असेल तर तिच्यामागून बुडबुड्यांचा पट्टा थेट फटींवर येतो, हेही बघा.

इंपेलर बदलणं

लागणारं सामान: तुमच्या मॉडेलची पूर्ण वॉटर पंप किट (इंपेलर, चावी, गॅस्केट, ओ-रिंग, आणि कप व प्लेटही), १०, १२, १३ आणि १४ चे पाने, लाकडी हातोडी, गंज सोडवणारं ऑइल, मरीन ग्रीस, भांडी घासायचा लिक्विड साबण, टॉर्च. किटऐवजी नुसता इंपेलर आणणं ही खोटी काटकसर आहे. चरे पडलेल्या कपात नवा इंपेलर घातला तर तो महिन्याभरात जुना होतो.

आधी प्लगच्या टोप्या काढा, बॅटरी असेल तर निगेटिव्ह वायर सोडवा. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा. मॅन्युअल वेगळं सांगत असेल तर तसं करा. गिअरची सळी जिथे जोडलीय तो जोड सोडवा आणि जुळणीची खूण मार्करने करा. मग लोअर युनिटचे बोल्ट. एक बोल्ट अनेकदा प्रोपेलरच्या वरच्या छोट्या पंखाखाली दडलेला असतो. पंख काढण्याआधी त्याचा कोन खूण करून ठेवा, नाहीतर नंतर होडी एका बाजूला ओढते.

सगळे बोल्ट निघूनही युनिट हलत नसेल तर मिठाने ते चिकटवलंय. सांध्यात ऑइल सोडा, तासभर थांबा, लाकडी हातोडीने बाजूंनी ठोका. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका. सांध्याची ॲल्युमिनियमची कड एकदा मोडली की ती परत येत नाही. युनिट सरळ खाली ओढा, तिरकं नको. गिअर ऑइल काढायची गरज नाही, पंप त्याच्या वरच्या अंगाला असतो.

हाउसिंगचे चार बोल्ट सोडवून ते शाफ्टवरून वर सरकवा. इंपेलर काढताना खाली फडकं पसरा, चावी उडते आणि वाळूत पडली तर शोधूनही मिळत नाही.

आता जुना इंपेलर टाकून न देता हातात घ्या. पाकळ्या एका दिशेने वाकून तशाच राहिल्या असतील तर रबर मेलंय. मुळाशी भेगा असतील तर वय झालंय. कडा वितळल्यासारख्या चकचकीत असतील तर तो कोरडा फिरलाय, म्हणजे पाण्याशिवाय मशीन कुणीतरी चालू केलंय. आणि पाकळ्या सगळ्या ठीक दिसत असतील तरी एक चाचणी करा: मधला पितळी बुश (शाफ्टवर बसणारा गाभा) पकडीने धरा आणि रबर हाताने पिळा. रबर बुशवरून घसरलं तर दोष सापडला. असा इंपेलर दिसायला नवा असतो, आयडलवर थोडी धारही देतो, पण जोर आला की शाफ्टबरोबर फिरत नाही.

पाकळ्या मोजा. एखादी तुटलेली असेल तर तो तुकडा हरवलेला नाही, तो वर गेलाय. उभ्या नळीत, ब्लॉकच्या तोंडाशी किंवा थर्मोस्टॅटमध्ये तो अडकलेला असतो. तो शोधल्याशिवाय जोडणी करू नका. नळीतून वरून खाली, उलट्या दिशेने गोड्या पाण्याचा जोर मारला तर बहुतेक तुकडे खाली पडतात.

कपाच्या आतून आणि प्लेटवरून नख फिरवा. नख अडकलं तर दोन्ही बदला. नव्या इंपेलरला आणि कपाच्या आतून लिक्विड साबण लावा. पेट्रोल-डिझेलचा हात लावू नका. चावी शाफ्टच्या खाचेत बसवायला ग्रीसचा ठिपका पुरतो. हाउसिंग खाली दाबताना शाफ्ट वरून पाहिल्यावर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवत राहा, बहुतेक आउटबोर्डची फिरण्याची दिशा हीच असते. पाकळ्या मागे झुकून आत बसल्या की झालं. यानंतर शाफ्ट उलटा फिरवू नका. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळा. ६ मिलिमीटरचे हे बोल्ट प्लास्टिक हाउसिंगवर असतात, जोर दाखवला की हाउसिंग तडकतं.

परत बसवताना दोन चुका हमखास होतात. पहिली: शाफ्टच्या दात्यांना ग्रीस लावताना त्याच्या वरच्या टोकावरही थापलं जातं. तिथे अडकलेलं ग्रीस शाफ्टला पूर्ण वर बसू देत नाही. ग्रीस फक्त बाजूच्या दात्यांवर लावा. दुसरी: उभी नळी पंपाच्या रबरी बुचात न शिरता बाजूला टेकते. बोल्ट आवळले जातात, सगळं ठीक दिसतं, आणि नव्याकोऱ्या पंपातून धार येत नाही. युनिट शेवटच्या दोन इंचांवर असताना टॉर्च मारून नळी बुचात जाताना स्वतः बघा. दाते जुळत नसतील तर प्रोपेलर गिअरमध्ये हलकेच योग्य दिशेने फिरवा किंवा फ्लायव्हील थोडं हलवा. गिअरची सळी जोडल्यावर पुढे, न्यूट्रल, मागे असे तिन्ही गिअर पडतात का ते बोल्ट पूर्ण आवळण्याआधी बघा. बोल्टना मरीन ग्रीस लावाच, पुढच्या वर्षी ते तुम्हालाच सोडवायचे आहेत.

चाचणी पिंपात करा. पाणी आडव्या प्लेटच्या बरंच वर हवं. काही सेकंदांत धार यायला हवी. अर्धा मिनिट झालं तरी आली नाही तर बंद करा आणि नळी परत तपासा. ‘जरा चालू करून आवाज बघतो’ म्हणून पाण्याबाहेर स्टार्ट मारणं म्हणजे नवा इंपेलर जाळणं.

थर्मोस्टॅट

झाकणाचे छोटे बोल्ट हीच खरी परीक्षा. स्टीलचा बोल्ट आणि ॲल्युमिनियमचा ब्लॉक यांच्यामध्ये खारं पाणी, त्यामुळे ते एकजीव झालेले असतात. आदल्या रात्री ऑइल सोडून ठेवा. सकाळी हीट गनने झाकणाभोवतीचा भाग गरम करा, पण आधी पेट्रोलची टाकी आणि नळी लांब न्या. बोल्ट आधी किंचित आवळण्याच्या दिशेने हलवा, मग सोडा, परत आवळा, परत सोडा. एका दमात सोडवायला गेलात तर डोकं हातात येतं. तसं झालंच तर बरोबर मध्यावर पंच मारून ड्रिल करावं लागतं, आणि हे काम लेथवाल्याकडे दिलेलं बरं.

थर्मोस्टॅट दोऱ्याने बांधून पातेल्यातल्या पाण्यात सोडा, शेजारी थर्मामीटर. दोघांनी तळाला टेकू नये. थर्मोस्टॅटवर अंशांचा आकडा कोरलेला असतो. त्या आकड्याच्या आसपास झडप हलायला हवी, आणि आणखी दहा-बारा अंश वाढल्यावर साधारण ३ ते ४ मिलिमीटर उघडायला हवी. दोऱ्याची सोपी युक्ती: झडपेच्या फटीतच दोरा अडकवून टांगा, उघडली की थर्मोस्टॅट सुटून खाली पडतो, तेव्हाचा आकडा टिपा. चहाचं पातेलं मात्र यासाठी वापरू नका.

थर्मोस्टॅट काढून टाकून मशीन चालवणारे बंदरोबंदरी भेटतील. अडचणीत घरी परतायला हे ठीक. रोजचं म्हणून नाही. मशीन थंडच राहिलं तर पेट्रोल नीट जळत नाही, प्लग ओले होतात, कार्बन बसतो, आणि फोर-स्ट्रोकमध्ये न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरून ऑइल पातळ करतं. शिवाय ब्लॉक बुजत चालला असेल तर ते लपून राहतं, आणि कळतं तेव्हा हेड गॅस्केट गेलेलं असतं.

ब्लॉकमधलं मीठ

थर्मोस्टॅटच्या खोबणीत पांढरट-करडा, खडूसारखा थर दिसला तर आतही तोच आहे असं धरून चाला. यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. साधं मीठ कोमट गोड्या पाण्यात विरघळतं, त्याला ॲसिड लागत नाही. चुन्यासारखा कडक थर मात्र पाण्याला दाद देत नाही.

म्हणून आधी थर्मोस्टॅट काढून वरून कोमट गोडं पाणी भरपूर सोडा. त्यानंतरही थर असेल तर पांढरं व्हिनेगर, किंवा लिटरभर कोमट पाण्यात साधारण ५० ग्रॅम लिंबूसत्त्व. छोट्या बिल्ज पंपाने (होडीतलं पाणी उपसायच्या पंपाने) अर्धा तास फिरवा. पंप नसेल तर वरून भरून ठेवा आणि दर दहा मिनिटांनी ताजं ओता. फेस येतोय तोवर थर विरघळतोय. फेस थांबला की भरपूर गोड्या पाण्याने किमान १५ मिनिटं धुवा. रात्रभर भिजत ठेवू नका, थर संपल्यावर ॲसिड धातूकडे वळतं. संडास साफ करायचं ॲसिड तर चुकूनही नको. ते थर झटक्यात काढतं आणि त्याच झटक्यात ॲल्युमिनियम खातं.

झिंकचे तुकडे, म्हणजे मशीनऐवजी स्वतः झिजणारे ॲनोड, याच वेळी बघा. अर्धे झिजले असतील तर बदला. काही मशीनमध्ये ब्लॉकच्या आतही ॲनोड असतो आणि तो वर्षानुवर्षं कुणी उघडून बघत नाही. तो सुटून त्याचे तुकडे पाण्याची वाट अडवतात.

पाणी भरपूर, तरी ताप

इथून पुढे दोष पाण्याचा नसून उष्णतेचा. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल कमी पडलं की घर्षण वाढतं. ५०:१ सांगितलं असेल तर लिटरला २० मिलि, म्हणजे २० लिटरच्या टाकीला ४०० मिलि, मापाने, डोळ्यांनी नव्हे. कार्बोरेटरचं जेट अर्धं बुजलं की मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त, आणि सिलेंडर तापतो. एथनॉलचं पेट्रोल हवेतली ओल ओढून घेतं, त्यामुळे दोन महिने टाकीत पडलेलं पेट्रोल नव्या मोसमात वापरू नका. मोठा प्रोपेलर, बुडावर बार्नॅकल आणि क्षमतेबाहेर माणसं, यामुळे पूर्ण थ्रॉटलवरही मशीन मॅन्युअलमधल्या फेऱ्यांपर्यंत पोचत नाही आणि कुंथत तापतं.

हेड गॅस्केट गेल्याच्या खुणा: धारेत सतत बुडबुडे, एका सिलेंडरचा प्लग धुतल्यासारखा स्वच्छ, फोर-स्ट्रोकच्या ऑइलला दुधाळ रंग. कॉम्प्रेशन गेजने मोजल्यावर सिलेंडरांत १०-१५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक आला तर हेड काढावंच लागेल. काढलं की स्टीलची सरळ पट्टी आणि फीलर गेज लावून बघा, ०.१ मिलिमीटरहून जास्त वाक असेल तर हेड घासून सपाट केल्याशिवाय नवं गॅस्केट टिकत नाही.

धुणं आणि पावसाळा

रोजच्या फेरीनंतर दहा मिनिटं गोडं पाणी. बाहेरून पाइप जोडायची सोय असेल तर बहुतेक मशीनमध्ये ती इंजिन बंद ठेवूनच वापरायची असते. पिंपात चालवून धुत असाल तर मशीन गरम होईपर्यंत चालवा. थर्मोस्टॅट उघडला नाही तर त्याच्यापुढच्या वाटांमध्ये गोडं पाणी पुरेसं फिरत नाही. एप्रिल-मेमध्ये किनाऱ्यालगतच्या विहिरी मचूळ होतात. तेव्हा ते पाणीही चालेल, समुद्रापेक्षा ते कितीतरी बरं, पण आठवड्यातून एकदा वरच्या वाडीतून चांगलं पाणी आणून धुवा.

जून-जुलैत होड्या वर ओढून झापाखाली जातात तेव्हा दोन महिने इंपेलरच्या त्याच पाकळ्या दबलेल्या राहतात आणि ऑगस्टमध्ये तशाच वाकड्या निघतात. जमत असेल तर पंप उघडून इंपेलर काढून ठेवा, नाहीतर मोसमाच्या सुरुवातीला नवा घाला. रेतीच्या आणि गढूळ खाड्यांत वर्षाला एक हा हिशोब ठेवावा, तास कितीही कमी भरलेले असोत. मशीन उभंच ठेवा, म्हणजे आतलं पाणी निथळतं. धारेच्या भोकावर कुंभारमाशी बसू नये म्हणून लाल चिकटपट्टी लावा, आणि पट्टीचं टोक लांब, नजरेत भरेल असं सोडा. पहिल्या दिवशी होडी पाण्यात ढकलण्याआधी ती पट्टी काढायची, पिंपात दहा मिनिटं मशीन चालवायचं, धारेखाली हात धरून ती कोमट लागते का बघायचं, आणि हेडचा आकडा डब्याच्या झाकणावर तारखेसह लिहून ठेवायचा. पुढच्या वेळी बझर वाजला की तुलनेला तोच आकडा लागणार आहे.